रुपया खरा, रंग शिजवलेला

पाचपैकी तीन तारे. जुन्या नाण्यांचं दुकान, नौपाड्यातलं, नाव घालत नाही, कारण मालक मुलगा वागायला चांगला आहे.

मला हवा होता १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया, डुक्करछाप म्हणतात तो. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि सरकारने नाणी परत घेतली. नव्वद लाखांहून जास्त पाडले होते, त्यातले साधारण सात लाखच बाहेर पडले. १९१२ च्या रुपयावर हत्ती सुधारला.

मुलाने आधी साधा, राखाडी पडलेला रुपया दाखवला, तीन हजार दोनशेचा. मग ड्रॉवरमधून दुसरा काढला. "काका, हा बघा. नॅचरल टोनिंग. साडेसात." टोनिंग म्हणजे जुन्या चांदीवर काळाने चढलेला रंग. दिसायला सुंदर होता, खोटं कशाला बोलू. कडेला सोनेरी, मग जांभळा, मध्ये मोरपिशी निळा.

आता माझं सांगतो. एकतीस वर्षं मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होतो. क्षार ओळखायच्या प्रॅक्टिकलला किप्स अपरेटसमधून हायड्रोजन सल्फाइड सोडायचो. माझ्या बोटात मोत्याची चांदीची अंगठी असायची. ती आधी पिवळसर व्हायची, मग जांभळी, मग निळी आणि शेवटी काळीठिक्कर. चांदीवर सल्फाइडचा थर जसा जाड होत जातो तसे रंग बदलतात. जुन्या कागदी पाकिटात हेच काम व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात, कारण कागदात गंधक असतं ते चिमूटभर. बाजारात 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून जे दागिने मिळतात, त्यातले चांदीचे गंधकाच्या द्रावणात बुडवूनच काळे करतात. तेच पाणी पातळ केलं की काही मिनिटांत मोरपीस तयार.

वजन करायला सांगितलं, त्याने कुरकुर न करता काटा पुढे केला. ११.६२ ग्रॅम. नवा रुपया ११.६६ चा, म्हणजे बरोबर एक तोळा. थोडी झीज धरली तर ठीकच. लोहचुंबकाला चिकटला नाही. काचेवर टिचकी मारून वाजवला, आवाज खणखणीत. रुपया खरा, त्याबद्दल वाद नाही.

मग भिंग लावलं. राजाच्या कानापासून मुकुटापर्यंत एक ओरखडा होता, केसाएवढा. ओरखड्याच्या आत तोच निळा, तितकाच गडद. म्हणजे आधी ओरखडा, मग रंग. गालाचा उंचवटा झिजून सपाट झालेला, त्यावरही रंग अखंड. झिजलेलं नाणंसुद्धा पाकिटात पडून पडून रंग धरतं, हे मान्य. पण तेव्हा अक्षरांच्या कडेला बहुधा फिकट पट्टी राहते आणि एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरघळतो. इथे निळा 'किंग एम्परर'च्या अक्षरांवरून सरळ पलीकडे गेला होता, रंगाऱ्याने खिडकीच्या काचेवरही ब्रश फिरवावा तसा. नाणं तिरपं केलं तर खालून चमक फिरायला हवी होती, तीही मेलेली.

एवढ्यावरही मी शंकेचा फायदा दिला असता. पण शेवटी तो नाकाजवळ नेला. उकडलेल्या अंड्याचा वास. एकतीस वर्षं तो वास घेतलाय, दुसऱ्या कशाचा म्हणून चुकणार नाही.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, मी पण असाच घेतलाय, एका प्रदर्शनात." मला ते खरं वाटलं. पण एक तारा इथे गेला: स्वतः न तपासता 'नॅचरल' म्हणून दुप्पट किंमत लावायची नाही. पीसीजीएस, एनजीसीसारख्या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या संस्था शंकास्पद रंगाच्या नाण्याला साधी श्रेणी देत नाहीत, हे धंदेवाल्याला माहीत हवं.

दुसरा तारा पावतीसाठी. 'जुनं नाणं – १' एवढंच लिहिलं होतं. साल, वजन, कुठली टाकसाळ हे सगळं मी सांगून लिहून घेतलं. शिवाय नाणं दिलं मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यातल्या काही पाकिटांतलं पीव्हीसी कालांतराने नाण्यावर हिरवा चिकटा सोडतं.

घेतला कुठला? राखाडी. कमळाखाली ठिपका आहे, म्हणजे मुंबई टाकसाळ. कडेला फक्त एक पिवळसर रेघ, जेमतेम दिसणारी, आणि अक्षरांच्या खाचांत मूळची चमक शिल्लक. घासाघीस करून दोन हजार आठशेला पडला. निव्वळ चांदी धरली तर त्यात १०.६९ ग्रॅम, वरचे पैसे हत्तीचे.

घरी हिने तो हातात घेतला आणि म्हणाली, "किती काळा पडलाय! लक्ष्मीपूजनाला ठेवायचा तर चिंच-रांगोळीने लख्ख करून देते." रुपया आता माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात. किल्ली माझ्याकडे.