डीव्हीडी ड्राइव्ह बिघडला: दुरुस्ती, नवा इंटर्नल की यूएसबीचा?

डेस्कटॉपचा ड्राइव्ह डिस्क वाचेनासा झाला की तीन वाटा उरतात: आहे तोच सुधारायचा, त्याच जागी नवा बसवायचा किंवा यूएसबीवर चालणारा एक्स्टर्नल घ्यायचा. पण बिघाड कुठे आहे हे पाहिल्याशिवाय काहीच विकत घेऊ नका. अनेकदा चांगला ड्राइव्ह उगाच भंगारात जातो.

आधी एखादी कंपनीची छापील डिस्क घालून बघा. घरी राइट केलेल्या जुन्या डिस्कचा थर कालांतराने खराब होतो आणि दोष ड्राइव्हवर येतो. छापील डिस्कही चालली नाही तर बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडणारा सेटिंगचा पडदा, उघडा. तिथे ड्राइव्हचं नाव आहे पण विंडोजमध्ये नाही, म्हणजे गडबड बहुधा सॉफ्टवेअरची. डिव्हाइस मॅनेजरमधून तो अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा. बायोसमध्येही नाव नसेल तर मशीन बंद करून साटा केबल (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी डेटाची केबल) बदला, मदरबोर्डवरचा पोर्ट बदला, पॉवरची पिन घट्ट बसवा. एवढ्यानेही काम होऊ शकतं.

सीडी चालते, डीव्हीडी नाही, अशी तक्रार असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. सीडी 780 नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी 650 च्या. दोन्हींपैकी एकच थकला की असं होतं. लेझरजवळचा बारीक स्क्रू फिरवून त्याची ताकद वाढवण्याचा उपाय काही जण सांगतात. तो करू नका, थकलेला लेझर त्याने आणखी लवकर जातो. सगळ्याच डिस्क अडखळत असतील तर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलावलेला इअरबड लेन्सवरून हलकेच फिरवून पाहा. ट्रे अडकत असेल तर बहुधा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. तो बदलणं खरंच सोपं आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर नवा घ्या. इंटर्नल की एक्स्टर्नल, हे तुमच्या कामावर आहे. इंटर्नलला थेट पॉवर सप्लायमधून 5 आणि 12 व्होल्ट मिळतात, त्यामुळे तो सहसा 16 एक्सने, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या 16 पटीपर्यंत, डीव्हीडी वाचतो आणि तासन्‌तास चालवला तरी डगमगत नाही. यूएसबीचे सडपातळ ड्राइव्ह साधारण 8 एक्सवर थांबतात. शिवाय यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरच देण्याची हमी देतो. वीज अपुरी पडली की ड्राइव्ह टकटक करत पुन्हापुन्हा सुरू होतो. तो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, हबला नको.

खोकंभर जुन्या डिस्क कॉपी करायच्या असतील तर माझं मत ठामपणे इंटर्नलकडे. वर्षातून दोनदा एखादी डिस्क लावणार असाल, किंवा लॅपटॉपलाही ड्राइव्ह हवा असेल, तर एक्स्टर्नल पुरे. कॅबिनेटला सव्वापाच इंची कप्पा नसेल तर प्रश्नच मिटला. मदरबोर्डवर रुंद पट्टीची जुनी आयडीई केबलच लागत असेल, तर साटा ड्राइव्ह तिथे सरळ बसणार नाही. तिथेही एक्स्टर्नलच बरा.

जुना ड्राइव्ह टाकण्याआधी, मशीन बंद ठेवून, त्याच्या तोंडावरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घाला. ट्रे थोडा बाहेर येतो. आत एखादी डिस्क राहिली असेल तर ती काढून घ्या.