फिजिओथेरपी की बी.पी.एड.?

शरीराच्या हालचालींचे शास्त्र, म्हणजे किनेसिऑलॉजी, फिजिओथेरपीच्या पदवीत आणि बी.पी.एड.मध्ये, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीत, दोन्हीकडे शिकवले जाते. मात्र फिजिओथेरपीत गोनिओमीटर हे कोन मोजण्याचे साधन गुडघ्याशी धरून, शस्त्रक्रियेनंतर तो किती अंशांत वाकतो हे मोजायचे असते, तर बी.पी.एड.मध्ये लांब उडी मारणाऱ्या मुलाचे पाऊल फळीवर कसे पडते आणि त्याच क्षणी त्याचा गुडघा किती वाकतो, हे मैदानावर उभे राहून पाहायचे असते.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीला बारावीनंतर नीटच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि इंटर्नशिपसह साडेचार ते पाच वर्षे जातात. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी पहिल्याच वर्षी उभे राहावे लागते, हे पालकांना बहुधा कोणी सांगत नाही. पुढे रुग्णालय, स्वतःचे क्लिनिक किंवा क्रीडा संघ असे मार्ग खुले होतात.

बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याची वाट प्रामुख्याने शाळेतील क्रीडाशिक्षकाच्या पदाकडे जाते. ही पदे मोजकीच निघतात. बी.पी.एड.च्या जोरावर दुखापतीवर उपचार मात्र करता येत नाहीत. माझ्या मते खेळाची ओढ असूनही रुग्णासोबत तासन्‌तास तोच व्यायाम करून घेण्याची चिकाटी ज्याच्यात आहे, त्याने फिजिओथेरपीच निवडावी.