डीव्हीडीचे यंत्र आणि व्हिडिओचे दुकान

अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या रेडबॉक्सच्या लाल यंत्रांतून आरंभीच्या काळात एका डॉलरमध्ये रात्रभरासाठी डीव्हीडी मिळे आणि ती दुसऱ्या कोणत्याही यंत्रात परत करता येई, ही सोय निर्विवाद मोठी होती. निवड मात्र तुटपुंजी. यंत्रात मुख्यतः नवेच चित्रपट असत. जुना किंवा परभाषेतील चित्रपट हवा असेल, तर दुकानच बरे, कारण तिथे कपाटे निवांत चाळता येत आणि आपली आवड ओळखून असलेला दुकानदार नेमके काहीतरी सुचवी. (विलंबशुल्कावरून होणारी हुज्जतही तिथलीच!) २०२४ मध्ये मूळ कंपनीच्या दिवाळखोरीमुळे रेडबॉक्सचा व्यवसाय गुंडाळला गेला, तेव्हा ओरेगनमधील बेंड येथे ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या दुकानसाखळीचे शेवटचे दुकान अजून उघडे होते.