कॅमरी हायब्रिड, आठ महिने आणि आमचे हाडांचे सर

"48 लाख मोजून जमिनीला टेकून बसायचं, याला लक्झरी म्हणतात होय मॅडम?" आमच्या हॉस्पिटलातले हाडांचे सर ओटीत हे बोलले, तेव्हा समोरचा पेशंट माझ्या भुलेखाली होता, म्हणून मी गप्प बसले. सरांना जुनी एसयूव्ही काढायचीय. चार महिने नुसत्या ट्रायल चालल्यात, आणि हायब्रिड म्हटलं की नाक मुरडतात. तोंडी सांगून थकले, म्हणून लिहून काढतेय.

गाडी टोयोटा कॅमरी, डिसेंबर 2024 मध्ये आलेली नववी पिढी. 2.5 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून 230 पीएस ताकद. आठ महिन्यांत 11,400 किमी झालेत, त्यातले निम्म्याहून जास्त इंदूरच्या गर्दीत.

रात्री दोनला सिझेरियनचा फोन येतो. आधीची डिझेल सुरू केली की सोसायटीतली कुत्री आणि तळमजल्यावरचे काका बरोबरच जागे व्हायचे. ही गाडी बहुतेक वेळा गेटबाहेर पडेपर्यंत बॅटरीवरच असते. मे महिन्यात पलासियाच्या सिग्नलला इंजिन बंद आणि एसी मात्र चालू, कारण कॉम्प्रेसर विजेवर चालतो. मधूनच इंजिन जागं होतं, बॅटरीला चार घास भरवतं, पुन्हा गप्प. प्लग लावायची भानगड नाही. "बॅटरी गेली म्हणजे?" हा सरांचा आवडता प्रश्न. तिची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी आहे. सर स्वतः बसवलेल्या सांध्याचीसुद्धा एवढी लेखी हमी देत नाहीत.

दुसरा आक्षेप गिअरबॉक्सचा. "सीव्हीटी म्हणजे रबर ताणल्यासारखं." साध्या सीव्हीटीत, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, ताकद एका पट्ट्यावरून जाते. सर, यात तो पट्टाच नाही. एक प्लॅनेटरी गिअरसेट आहे, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं, इंजिन आणि दोन मोटर त्यात गुंतलेल्या; कोणाची किती ताकद चाकाला जाईल ते संगणक ठरवतो. पाय पूर्ण दाबला की आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो, हे कबूल. या रचनेला ई-सीव्हीटी म्हणतात, तिचा तो स्वभावच. मला सवय व्हायला महिना लागला.

आता खरा मुद्दा, गुडघे. माझ्या आईचे दोन्ही गुडघे सरांनीच बदललेत. त्यामुळे "आईंना एवढं वाकवणार?" असं ते विचारतात तेव्हा मला उत्तर देणं जड जातं. सीट खाली आहे, यात वाद नाही. पण आई गाडीकडे पाठ करते, आधी टेकते, मग दोन्ही पाय एकदम आत घेते. हे सरांच्याच फिजिओथेरपिस्टने शिकवलंय. उतरताना मात्र हात द्यावा लागतो. एकदा बसली की गोष्ट वेगळी. मागची सीट बटणावर रेलते, मधल्या हातपट्टीवर एसीची बटणं, मागच्या काचेला पडदा. आमच्या आधीच्या एसयूव्हीत चढणं सोपं होतं, पण दीड तासाने कंबर धरून उतरायची. कोणतं दुखणं पत्करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

महेश्वरला तिला दोनदा नेलं. मानपूर सोडलं की गणपती घाटाचा उतार लागतो. ट्रकचे ब्रेक फेल होऊन तिथे किती जीव गेलेत, हे कॅज्युअल्टीत ड्यूटी केलेल्यांना सांगायला नको. आता उतरायला नवा रस्ता झालाय, तरी उतार तो उतारच. अशा ठिकाणी गिअरचा लिव्हर गाडीला जास्त रोखणाऱ्या मोडवर घ्यायचा. मोटर जनरेटर होऊन गाडीला रोखते आणि ती ऊर्जा बॅटरीत जाते. बॅटरी भरली की इंजिन आपसूक फिरून गाडीला धरतं, तो घरघराट पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले होते. ब्रेक मी मोजून तीन-चार वेळा दाबला असेल.

मायलेज: कसोटीतला आकडा 25.49, माझ्या पायाला तो झेपत नाही. गावात 17-18, हायवेला 21 च्या आसपास.

मनस्ताप झाला तो एका अॅक्सेसरीवाल्यामुळे. त्याने हौसेने जाड मॅट अंथरली, ती बॅटरीला हवा घेणाऱ्या मागच्या सीटखालच्या जाळीवरच. सर्व्हिसिंगला लक्षात आलं. ती जाळी मोकळी ठेवा, मुलांचे टॉवेलसुद्धा तिथे कोंबू देऊ नका. आणि आतला फिका रंग घेताना विचार करा; रविवारचे पोहे गाडीत खाल्ले की त्यावरच्या जिरावन मसाल्याचा डाग हमखास. आमच्याकडे तीन आहेत. लेन सोडल्याचा इशारा मी बंद ठेवते. राजवाड्याजवळ ई-रिक्षांना लेन कोण शिकवणार?

मागच्या शनिवारी सर गाडी उज्जैनला घेऊन गेले. परत देताना म्हणाले, "पुढच्या डाव्या टायरात हवा कमी आहे." बस, एवढंच. सोमवारी मात्र पोर्चचं माप घेऊन आले, बरोबर 16 फूट. गाडी 4.92 मीटर, म्हणजे 16 फूट आणि वर जवळजवळ पावणेदोन इंच. पोर्चच्या टोकाला तुळशीवृंदावन आहे, आणि ते हलवायला वहिनी तयार नाहीत.