युगांडात स्वयंसेवक म्हणून पाठवतो म्हणणाऱ्यांपासून जपा

माझ्या लेकीचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालं आणि वर्षभर परदेशात जाऊन काम करायचं तिने मनावर घेतलं. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: युगांडातल्या जिंजा शहरात शाळेत शिकवायचं, राहणं-जेवण मोफत, 'संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने'. व्हिडिओ कॉलवर एका बाईने इंग्रजीत रीतसर मुलाखत घेतली. लगेच निवडपत्र आलं, वर निळं बोधचिन्ह. पुढची सगळी बोलणी एक 'समन्वयक' करत होता. मूळचा कोल्हापूरकडचा म्हणाला, बोली तरी तिकडचीच होती. आम्ही सांगलीचे, त्यामुळे विश्वास बसायला वेळ लागला नाही.

हा माणूस खोटं फार कमी बोलायचा. पीतज्वराची लस घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड (लस घेतल्याचं प्रमाणपत्र) जपून ठेवा, हे त्याने सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. युगांडाचा ई-व्हिसा काढताना ते प्रमाणपत्र लागतं, आणि तिथून परतताना आपल्या विमानतळावरही विचारतात. मुंबईच्या सरकारमान्य केंद्रात लेकीने लस घेतली, तिथल्या डॉक्टरांनी अक्षरन् अक्षर तेच सांगितलं. मग आम्हाला वाटलं, एवढं माहीत असलेला माणूस खोटा कसा असेल? पोलीस पडताळणी दाखलाही त्याच्याच सांगण्यावरून काढला. पासपोर्ट कार्यालयाची फी पाचशे रुपये. 'चार हजार पाठवा, मी लवकर करून देतो,' असं तो म्हणत होता, पण लेकीने अर्ज स्वतःच भरला. त्यावर तो जराही चिडला नाही. उलट 'शाब्बास' म्हणाला!

पैसे मात्र हप्त्याहप्त्याने गेले. नोंदणी साडेसहा हजार, व्हिसा फाइल अठरा हजार, मग 'परत मिळणारी अनामत' पंचेचाळीस हजार. दर वेळी यूपीआय आयडी वेगळा, नाव वेगळं. विचारलं तर म्हणे, 'काकू, आमचे अकाउंटंट बदलतात.'

तिकिटाची युक्ती नीट समजून घ्या. त्याने मुंबई-एंटेबे (युगांडाचा विमानतळ) तिकिटाची पीडीएफ पाठवली. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) टाकला तर लेकीचं नाव, तारीख, सगळं दिसलं. आम्ही पेढे वाटले. अनामत भरल्यानंतर दोन-तीन दिवसांनी तोच पीएनआर टाकला तर 'बुकिंग सापडत नाही'. भाच्याने पाहिल्यावर कळलं की ते नुसतं राखून ठेवलेलं आरक्षण होतं, पैसे भरलेच नव्हते. पैसे भरलेल्या तिकिटावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो. आमच्या पीडीएफवर ती जागा कोरी होती.

मग एकेक उलगडत गेलं. व्हिसा पर्यटकाचा, 'तिथे गेल्यावर बदलून घेऊ'. पर्यटक व्हिसावर तिथे शाळेत काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी वेगळा परवाना लागतो. आणि संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग, ज्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. उलट स्वयंसेवकाला निर्वाहभत्ता देतो. काही खऱ्या संस्थाही कार्यक्रम-शुल्क घेतात, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे लगेच लबाडी असं मी म्हणणार नाही. पण संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि यूपीआयने फी, हे दोन्ही एकत्र दिसलं की तिथेच थांबा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. शेवटच्या हप्त्यातले काही पैसे खात्यात गोठले, कारण ती रक्कम ताजी होती. आधीचे दोन्ही हप्ते केव्हाच पुढे सरकले होते. म्हणून संशय आला की घरात चर्चा करत बसू नका, आधी फोन लावा. यूटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, निवडपत्र, सगळं जवळ ठेवा. आमच्या लेकीने रागाच्या भरात चॅट पुसायला घेतलं होतं, वेळीच थांबवलं.

अजून एक. तक्रारीनंतर एका 'वकिला'चा फोन आला: 'ताई, तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फक्त पाच टक्के आगाऊ द्या.' आमची रक्कम त्याला रुपयापर्यंत ठाऊक होती. तो नंबरही आम्ही तक्रारीत जोडला आहे.