साइड मिररमध्ये आपली गाडी दिसावी की नको?

गाडी जास्त कुठे फिरणार, मुंबई-गोवा महामार्गावर की वाडीतल्या रस्त्यांवर, ते आधी ठरवा. आरसे त्यावरून लावायचे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात ती पद्धत आपल्या सगळ्यांची: सरळ बसल्यावर आरशाच्या आतल्या कडेला आपल्याच गाडीची बारीक पट्टी दिसली पाहिजे. दुसरी पद्धत १९९५ साली अमेरिकेतल्या जॉर्ज प्लॅट्झर यांनी मांडली. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर फिरवायचा. डाव्यासाठी दोन सीटच्या मधोमध झुकून तेच करायचं. मग सरळ बसलात की दोन्ही आरशांतून स्वतःची गाडी गायब! पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण चौपदरी रस्त्यावर हिचा फायदा लगेच कळतो. मागून येणारा ट्रक आतल्या आरशातून सुटायच्या आत उजव्या आरशात येतो, आणि तिथून सुटायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात. जुन्या पद्धतीत या मधल्या जागेत मोटरसायकल अख्खी गडप होते. कडेचे आरसे पट्टी दाखवण्यात आणि आतला आरसा दाखवतोच ते पुन्हा दाखवण्यात वाया जातात.

मेख एकच आहे. या पद्धतीत थेट मागचं सगळं आतल्या आरशावर सोडलेलं असतं. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या, त्यावर दोन फणस आणि मागच्या सीटवर तीन आत्या बसल्या की मागची काच बंदच समजा. अशा वेळी मी मुकाट्याने जुन्या पद्धतीवर येतो.

वाडीत तर जुनीच बरी. समोरून टेम्पो आला की डावीकडे जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चिकटावं लागतं, आणि गडगा व दरवाजा यांच्यात किती बोटं उरली ते पट्टी दिसल्याशिवाय कळत नाही. माझ्या डाव्या मागच्या दरवाजावर तांबडा ओरखडा आहे, तो आरसे बाहेर फिरवल्याच्या पहिल्याच आठवड्यातला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी मागे घेतानाही तीच गत. शिवाय बाहेरचे आरसे बहुतेक फुगीर काचेचे, त्यात गडगा असतो त्याहून लांब वाटतो.

मी स्वतः उजवा आरसा बाहेर फिरवलेला ठेवतो. डावा महामार्गावर बाहेर, वाडीचं वळण आलं की आत. बटणाचे आरसे असतील तर हे सोपं आहे. हाताने फिरवायचे असतील तर डावा जुन्याच पद्धतीने लावून टाका. एकट्याने पट्टा सोडून डावीकडे वाकेपर्यंत मागे एसटी हॉर्न वाजवत उभी राहते.