मराठी मजकूर शोधताना: देवनागरी की रोमन?

मराठीतली माहिती शोधायची तर देवनागरीत टाइप करावं की रोमन अक्षरांत? माझा कौल देवनागरीला आहे. मात्र तुम्ही कुठे शोधता, यावरही बरंच ठरतं.

रोमन टायपिंग झटपट होतं, यात वाद नाही. पण त्यात 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' हा भेद पुसला जातो. 'मन', 'मण', 'मान', 'माण' हे चारही शब्द बहुतेक जण त्याच तीन अक्षरांत (man) लिहितात. गूगलसारखं मोठं शोधयंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं खरं, पण एका-दोन शब्दांत संदर्भ तो किती मिळणार? सॉफ्टवेअर, उपकरणं, कंपन्यांची नावं यांच्यासाठी मात्र रोमनच बरं.

देवनागरीत शब्द नेमका राहतो, पण लेखनाचे नियम आडवे येतात. ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा फार होते. मला त्याहून मोठा अडसर सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द बदलतो त्याचा, वाटतो. 'पाऊस' टाकलंत की 'पावसाचा', 'पावसात' निसटतात. 'मूल' शोधलंत की 'मुलांना' हाती लागत नाही. मोठी शोधयंत्रं हे बरंचसं सांभाळून घेतात. पीडीएफमधला किंवा उघडलेल्या पानातला शोध, छोट्या संकेतस्थळांची शोधचौकट यांत मात्र बहुधा अक्षराला अक्षर जुळावं लागतं. तिथे 'पाऊस' आणि 'पावस', 'मूल' आणि 'मुल' असे दोन्ही शोध घ्या. 'केले' आणि 'केलं' हेही वेगवेगळे शोधावे लागतात.

जुन्या ग्रंथांत आणखी एक पायरी वाढते. १९६२ च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या मजकुरात 'कांहीं', 'नाहीं' असंच शोधायला हवं.

काही फरक तर डोळ्यांना दिसतही नाहीत. 'ॲप'मधला 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या प्रमाण अक्षरसंचात, २००८ साली आला. त्याआधी त्या जागी 'ऍ' वापरत, आणि काही फॉंटांत दोन्ही सारखेच दिसतात. 'तऱ्हा'मधला 'ऱ्'सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो. अशा वेळी शब्द स्वतः टाइप न करता त्याच संकेतस्थळावरून कॉपी करून शोधचौकटीत टाकावा.

एवढं करूनही काहीच सापडलं नाही, तर फाइलमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करा. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर ती कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या युनिकोडपूर्व फॉंटात असण्याची दाट शक्यता आहे. मग आधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागेल.